मरून बेरेच्या आधीची वर्षं

एखादा तरुण जवान म्हणाला, की मला स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी व्हायचंय, तर लोक लगेच त्याला धावण्याची वेळ विचारतात. आधी विचारायला हवं ते त्याचं वय. या वाटेवर एकामागोमाग दोन दारं आहेत. पहिलं जवानाने अधिकारी होण्याचं, दुसरं अधिकाऱ्याने मरून बेरे, म्हणजे मरून रंगाची टोपी, घालणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस पलटणीत जाण्याचं. बहुतेक पोरं दुसऱ्या दाराची तयारी पहिल्या दिवसापासून जीव तोडून करतात आणि तेवढ्यात पहिलं दार वयाने बंद होतं. म्हणून सुरुवात साध्या बेरजेने करू.

आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी, हा जवानासाठीचा मुख्य मार्ग. वय २० ते २७, किमान २ वर्षं नोकरी, बारावी पास. निवड झाली की ३ वर्षं एसीसीत पदवीचं शिक्षण आणि त्यानंतर १ वर्ष इंडियन मिलिटरी अकॅडमीत. बाविसाव्या वर्षी आत गेलास तर सव्विसाव्या वर्षी खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. सत्ताविसाव्या वर्षी गेलास तर एकतिसावं उजाडतं, आणि त्यानंतर स्पेशल फोर्सेसचं प्रोबेशन, म्हणजे पलटणीतला निवडीचा काळ. सव्विसाव्या आणि एकतिसाव्या वर्षातला फरक परीक्षेच्या खोलीत जाणवत नाही. तिसाव्या किलोमीटरला गुडघ्यात जाणवतो. २८ ते ३५ वयाच्या जवानांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसरचा मार्ग आहे, त्याचं प्रशिक्षण गयेच्या अकादमीत होत आलं आहे. तो मानाचा मार्ग आहे, पण स्पेशल फोर्सेसचं लक्ष्य ठेवणाऱ्याने त्याच्या भरवशावर थांबू नये. नोकरीत राहून पदवी पूर्ण केली असेल तर सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षाही आहे. ती वर्षातून दोनदा होते, पण अकॅडमीसाठीची तिची वयोमर्यादा साधारण २४ वर्षांशी संपते. अग्निवीर म्हणून आलेल्यांनी आपल्याला कोणतं दार कधी उघडतं हे त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेत स्वतः वाचावं. बराकीतल्या गप्पांवर वर्षं घालवू नयेत.

माझं मत स्पष्ट आहे. पात्र होशील त्याच वर्षी पहिला अर्ज कर. ‘अजून थोडी तयारी होऊ दे’ म्हणत दोन वर्षं काढणारे खूप असतात, आणि त्या दोन वर्षांत तयारी फारशी वाढलेली नसते.

ही एसीसी १९७७ साली डेहराडूनला गेली. त्याआधी ती पुण्यात होती. जवानातून अधिकारी घडवण्याचं काम आपल्या मातीत बरीच वर्षं चाललं होतं, तरी आपल्याकडच्या खेड्यांतून भरती झालेल्या मुलांना ही वाट उशिरा कळते याची हळहळ वाटते. भरतीच्या अकादम्या गावोगावी निघाल्या. भरतीनंतरच्या वाटेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

अर्ज युनिटमधून जातो. म्हणजे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांची शिफारस, वैद्यकीय श्रेणी शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आणि कंडक्ट शीटवर लाल शाईची नोंद नसणं. सुट्टीवरून एक दिवस उशिरा येणं, कॅन्टीनमध्ये झालेली मारामारी, हे त्या वेळी क्षुल्लक वाटतं आणि तीन वर्षांनी कागदावर समोर येतं. शिवाय कंपनीतल्या हवालदारापासून सुभेदार साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत असायला हवं, की हा मुलगा अभ्यास करतोय. लपवून अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला परीक्षेच्या आठवड्यात गार्ड ड्यूटी येते. उघडपणे मागणाऱ्याला चांगली कंपनी वेळ काढून देते.

लेखी परीक्षेत इंग्रजी, गणित-विज्ञान, सामान्य ज्ञान आणि लष्करी कल यांची चाचणी असते. बहुतेक मराठी मुलं इंग्रजीत अडतात. त्यावर महागडा क्लास हा उपाय नाही. रोज एक पान हाताने लिहायचं: आज काय पाहिलं, कुणी काय केलं, उद्या काय करायचं. गस्तीचा अहवाल जसा लिहितात तसा, छोट्या वाक्यांत. आणि बडीशी, म्हणजे आपल्या जोडीदार जवानाशी, रोज वीस मिनिटं इंग्रजीत बोलायचं, चुका होऊ द्यायच्या. सहा महिन्यांत बोलणं सुटतं.

त्यानंतरची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाची चाचणी, पाच दिवसांची असते, आणि जवान तिथे ज्या कारणाने पडतात ते सिव्हिलमधल्या मुलांपेक्षा निराळं असतं. पहिल्या दिवशी छाननी. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या: ११ चित्रं आणि एक कोरी पाटी, प्रत्येकावर ४ मिनिटांत गोष्ट, ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद, ६० प्रसंग, सगळे मिळून ३० मिनिटांत. मग मैदानावरची गटकामं, वैयक्तिक अडथळे १० आणि वेळ ३ मिनिटं, मुलाखत, आणि शेवटी कॉन्फरन्स. या सगळ्यातून अधिकाऱ्याचे १५ गुण पाहिले जातात.

जवान पडतो तो आज्ञाधारकपणामुळे. दोन-चार वर्षं त्याला हुकूम ऐकायची आणि ताबडतोब अमलात आणायची सवय लागलेली असते, आणि ती सवय योग्यच आहे. गटचर्चेत मात्र समोरचा मोठ्या आवाजात बोलला की तो आपोआप गप्प होतो. ग्रुप टास्कमध्ये फळी उचलायला सगळ्यांत आधी धावतो, पण फळी कुठे लावायची हे दुसऱ्याला ठरवू देतो. मैदानावरचा अधिकारी हेच टिपतो. यावर तयारी युनिटमध्येच करता येते. सेक्शनच्या छोट्या कामाची, मग ते तंबू उभारायचं असो, रेंजवर टार्गेट लावायचं असो की लंगरसाठी पाणी आणायचं, योजना तू मांड. हवालदारांना सांग, ‘उस्ताद, असं केलं तर?’ दहातल्या सात वेळा ते नको म्हणतील. तीन वेळा हो म्हणतील, आणि तेव्हा योजना फसली तर त्याची जबाबदारी घ्यायलाही शिकशील.

दुसरी चूक म्हणजे पाठ केलेल्या गोष्टी. प्रत्येक चित्रात नायक पुरात उडी मारून दहा जणांना वाचवतो, असं लिहिणारा तपासणाऱ्याला पहिल्या दोन गोष्टींतच कळतो. तिसरी, योजनेच्या चाचणीत वेळ आणि अंतर न मोजणं. समजा, गाव ६ किलोमीटरवर आहे, ट्रॅक्टर कच्च्या रस्त्याने ताशी १५ ने जाईल, म्हणजे २४ मिनिटं, आणि स्फोट २० मिनिटांनी आहे. मग ट्रॅक्टरचा उपयोग नाही. एवढं गणित ज्याने कागदावर केलं त्याची योजना उठून दिसते. मुलाखतीत तर तू भरलेल्या माहितीपत्रकातूनच प्रश्न येतात. छंद म्हणून ट्रेकिंग लिहिलंस तर गडाची उंची, वाट, पाण्याची टाकी सांगता आली पाहिजेत. स्वतःच्या हत्याराची माहिती अडखळत सांगणाऱ्या जवानाबद्दल तर काय बोलावं!

आता दुसऱ्या दाराकडे. स्पेशल फोर्सेसच्या कामाचं स्वरूप इतिहासातून चांगलं समजतं. १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी निवडक सैनिकांची ‘मेघदूत’ तुकडी उभी केली, त्यातूनच पुढे १९६६ साली ९ पॅरा कमांडो पलटण निघाली आणि वर्षभराने वाळवंटासाठी १० पॅरा. १९७१ च्या डिसेंबरात १० पॅराने लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंग यांच्या हाताखाली सीमेपलीकडे सुमारे ८० किलोमीटर आत जाऊन पाकिस्तानातल्या छाछरोवर धाड घातली. त्याच महिन्यात ९ पॅराची माणसं रात्री पुंछ नदी ओलांडून मंढोलला गेली आणि शत्रूच्या तोफा उडवून परत आली. या दोन्हींत गोळीबार थोडा वेळ चालला. बाकी सगळा वेळ चालणं, वाट शोधणं, लपणं आणि परत येणं यात गेला. निवडीत इतकं चालायला का लावतात, याचं उत्तर तिथे आहे.

यात मराठी पलटणींचं नातं जुनं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा २ पॅरा (मराठा) झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तिनेच टांगाइलला उडी घेऊन पुंगली पूल ताब्यात घेतला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट तोडली. २१ मराठा १९९६ मध्ये २१ पॅरा (एसएफ) झाली. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे. २००३ मध्ये ईशान्येतल्या कारवाईसाठी त्यांना सेना पदक मिळालं, आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना ते धारातीर्थी पडले. कमांडिंग ऑफिसर होते, तरी शोधमोहिमेत पुढे होते. स्पेशल फोर्सेसच्या अधिकाऱ्याकडून हीच अपेक्षा असते, हुद्दा कितीही वाढला तरी.

अधिकारी झाल्यावर तू स्वेच्छेने पॅराशूट रेजिमेंट मागतोस आणि एखाद्या पलटणीत प्रोबेशनला जातोस. इथे अधिकारी आणि जवान एकाच रांगेत असतात. तोच पिट्ठू (पाठीवरची पिशवी), तेच अंतर, तोच रगडा. फरक असलाच तर अधिकाऱ्याच्या बाजूने अवघड असतो, कारण सगळे थकून बसल्यावर त्याला उभं राहून पुढची योजना सांगावी लागते. स्पीड मार्च १० किलोमीटरपासून सुरू होऊन २०, ३०, ४० पर्यंत चढत जातात. मध्ये ३६ तासांचा झोपेविनाचा टप्पा असतो, ओंडके, टायर, पाण्याचे कॅन आणि ‘जखमी’ साथीदार उचलून. बहुतेक जण परत जातात. त्यातले बरेच ताकद कमी पडली म्हणून जात नाहीत; पाय, हाडं, पाणी आणि डोकं यांनी दगा दिला म्हणून जातात. या चौघांवरच सविस्तर लिहायचं आहे.

पाय. फोड हा किरकोळ त्रास समजणारा माणूस २० किलोमीटरला हरतो. फोड तीन गोष्टींनी येतो: ओलावा, उष्णता, घर्षण. बूट अर्धा नंबर मोठा घे, कारण लांब चालीत पाऊल सुजतं. नवे बूट प्रोबेशनला कधीच नेऊ नकोस. निदान दोन महिने रोज वापरून पायाच्या आकाराचे झालेले बूट हवेत, आणि तसेच दोन जोड. आत पातळ नायलॉनचा मोजा, वर लोकरीचा, म्हणजे घासणं मोज्या-मोज्यांत होतं, कातडीवर येत नाही. नखं सरळ कापायची, कडा गोल करायच्या नाहीत, आणि चालीच्या तीन दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही. टाचा आणि अंगठ्याची बाजू जिथे नेहमी तापते तिथे निघण्याआधीच टिंचर बेंझॉइन लावून वाळू द्यायचं आणि वर झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी सुरकुती न पडू देता बसवायची. सुरकुती पडली तर पट्टीच फोड करते. थांबा मिळाला की आधी मोजे बदलायचे, मग पाणी प्यायचं. ओले मोजे पिट्ठूच्या बाहेर लटकवायचे. फोड आलाच आणि लहान असेल तर तसाच पट्टीखाली ठेव. मोठा, ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढ, पण वरची कातडी काढू नकोस. तिच्याइतकं चांगलं आवरण कुठल्याच पेटीत नसतं.

हाडं. मनाने तयार असलेली मुलं इथे सगळ्यांत जास्त गमावतात. फुप्फुसं सहा-आठ आठवड्यांत सुधारतात, स्नायू तीन महिन्यांत. हाड आणि कंडरा यांना त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून दमसास वाढला की पोरं वजन एकदम वाढवतात आणि नडगीला बारीक चीर पडते. ती ओळखायची खूण आहे. नडगीच्या कडेने वीतभर दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुधा स्नायूंच्या चिकटणीचा त्रास. एकाच बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर चाल ताबडतोब थांबव आणि एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठ. वेळेवर थांबलास तर सहा ते आठ आठवडे जातात. न थांबलास तर हाड पूर्ण मोडतं आणि शेप-वन श्रेणीही जाते.

तयारीला निदान सहा महिने हवेत. वजनासह लांब चाल आठवड्यातून एकदाच. सुरुवात १० किलो आणि ८ किलोमीटर, पहिले चार आठवडे तेवढंच. पुढे एका आठवड्यात अंतर वाढव किंवा वजन, दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. वजन दोन आठवड्यांनी दोन किलो, अंतर दोन-तीन किलोमीटर. दर चौथ्या आठवड्यात दोन्ही कमी कर. पाचव्या-सहाव्या महिन्यात २० किलोवर २० किलोमीटर सहज जमायला हवं. पूर्ण ४० ची चाल तयारीत एकदा, फार तर दोनदा. शेवटचे दहा दिवस वजन बाजूला. आठवड्यातले बाकीचे दिवस: दोनदा निवांत धावणं, एकदा ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, दोनदा ताकदीचं काम, आणि एक दिवस खरी विश्रांती. ताकदीत छाती-दंडावर वेळ घालवण्यापेक्षा पायऱ्यांवर वजन घेऊन चढणं, पुलअप्स, दोरावर चढणं आणि पाठीचा खालचा भाग. पिट्ठू भरताना जड वस्तू खांद्याच्या पात्यांजवळ, पाठीला चिकटून. खाली गेलेलं वजन माणसाला मागे ओढतं आणि तो वाकून चालायला लागतो. वजन घेऊन सपाटीवर धावू नकोस. लांब पण घाई नसलेल्या टांगा टाकून ताशी साडेसहा किलोमीटरने चालायला शिक. धावणाऱ्याला हा वेग कंटाळवाणा वाटतो, पण पंचविसाव्या किलोमीटरला तोच धावणारा मागे पडतो.

पाणी. उन्हाळ्यात तहान लागेपर्यंत थांबणं चूक आणि भीतीपोटी सतत पाणी पीत राहणंही चूक. तासाला सव्वा लिटरच्या पुढे नुसतं पाणी जात राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलतो. ते पाहून साथीदार आणखी पाणी पाजतात आणि परिस्थिती बिघडते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जुनं प्रमाण आजही चांगलं. लघवी फिकट पिवळी हवी. ती कोलासारखी गडद झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार आला आहे असं समज आणि डॉक्टर गाठ; तिथे जिद्द दाखवायची नसते. चालीआधी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक खाऊन निघण्याची सवय मुलांत पसरली आहे. कोरड्या पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंड निकामी करू शकतात. कृपा करून हे करू नका. आणि साथीदार उन्हात बरळायला लागला, अंग भाजत असेल, तर गाडीची वाट पाहत बसायचं नाही. कपडे सैल करून जिथे आहे तिथेच अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काख आणि जांघेत बर्फ मिळाला तर ठेवायचा. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

सह्याद्रीत वाढलेल्या मुलांचे पाय चढणीला पक्के असतात, हे खरं. पण कळसूबाई १६४६ मीटर आहे. उंचीची सवय शरीराला ठरलेल्या दिवसांतच होते. लष्कराची रीत आहे: ९ हजार ते १२ हजार फुटांदरम्यान ६ दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी ४, त्यावर आणखी ४. तंदुरुस्त मुलगाच पहिल्या दोन दिवसांत धावायला निघतो आणि त्याच्याच फुप्फुसांत पाणी भरतं. बसल्या जागी धाप आणि खोकला लागला की लपवू नकोस. खाली उतरणं आणि ऑक्सिजन एवढाच त्यावर इलाज.

डोकं म्हणजे आधी नकाशा. स्पेशल फोर्सेसच्या अधिकाऱ्याकडून चुकलेली वाट कुणी माफ करत नाही, कारण त्याची किंमत मागच्या सगळ्यांचे पाय मोजतात. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दिशा १ अंशाने चुकली तर किलोमीटरला सुमारे १७ मीटर बाजूला जातोस. ५ अंशांनी चुकली तर २ किलोमीटरवर १७५ मीटर, म्हणजे अंधारात एक पूर्ण नाळ, डोंगरातली घळ, चुकते. कंपास पाहताना रायफल हाताभर तरी दूर ठेव, तारांच्या खाली वाचन घेऊ नकोस. स्वतःची पावलं मोज: १०० मीटरला डावं पाऊल किती वेळा पडतं, सपाटीवर, चढावर, रात्री, वजनासह. साधारण साठीच्या आसपास येतं, पण रात्री चढावर ऐंशीच्याही पुढे जाऊ शकतं. हे आकडे वहीत नाही, डोक्यात हवेत. ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर सरळ पुलाकडे रोख धरू नकोस. मुद्दाम पुलाच्या डावीकडचा रोख धर, म्हणजे ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे नक्की माहीत असतं. वेळेचा अंदाज: ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त, वजनासह रात्री याच्या दीडपट धर.

सुट्टीत घरी आलास की हे सगळं आपल्या डोंगरात करता येतं. मळलेली वाट सोडून, फोन बंद करून, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा हातात घेऊन राजगड ते तोरणा सोंडेच्या बाजूने स्वतः ठरवलेल्या पाच ठिकाणांना जाऊन ये. सोबत कुणीतरी असू दे आणि गावात सांगून जा.

नकाशाच्या पलीकडे डोक्याचा जो भाग आहे तो शिकवणं सर्वांत कठीण. तीस तास झोप नसलेल्या माणसाला बेरीज येत नाही, तो एकच वाक्य दोनदा बोलतो, साथीदाराच्या चेहऱ्यावरचं दुखणं त्याला दिसत नाही. उस्ताद नेमकं याच वेळी अधिकाऱ्याला विचारतात: तुझी किती माणसं आहेत, कुणाकडे किती पाणी आहे, वायरलेस कुणाकडे, शेवटच्या माणसाचं नाव काय? तू किती वेगाने आलास यापेक्षा या उत्तरांना महत्त्व असतं. सवय आधीपासून लावता येते. प्रत्येक थांब्यावर बसण्याआधी मोजणी करायची, प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटलीचं वजन हाताने पाहायचं, सर्वांत मागे चालणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे, मग स्वतः बसायचं. अभ्यासाच्या रात्री जागरणानंतर पहाटे सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या जागेचा आकड्यांतला पत्ता, काढायचा सराव कर. चुका कुठे होतात ते तुझं तुलाच दिसेल; बहुतेकांच्या आकड्यांची अदलाबदल होते, म्हणून थकलेला असताना प्रत्येक आकडा बडीकडून परत म्हणवून घ्यायचा. मला वाटतं, अधिकारी आणि बळकट माणूस यांच्यातला फरक इथेच कळतो, आणि निवड करणारेही तो इथेच शोधतात.

पोहणं आणि उडी यांबद्दल थोडक्यात. विहिरीत सूर मारता येणं म्हणजे पोहणं नाही. कपड्यांसह २०० मीटर न थांबता आणि दहा मिनिटं जागेवर तरंगणं जमायला हवं. पुढे मौका मिळाला तर कोचीला डायव्हिंगचा कोर्स असतो, तिथे पाण्याची भीती घेऊन गेलेला टिकत नाही. उडीचं प्रशिक्षण आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची. छत्री दोरीने आपोआप उघडते. खरं काम जमिनीवर येतानाचं. दोन्ही पावलं आणि गुडघे चिकटलेले, नजर क्षितिजावर, आणि आधी पावलाचा पुढचा भाग, मग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू असं अंग लोळवत जायचं. जमीन शोधायला एक पाय पुढे काढणाऱ्याचा घोटा मोडतो.

परत पाठवलं तर? आरटीयू होणाऱ्यांत, म्हणजे आपल्या मूळ युनिटला परत पाठवलेल्यांत, उत्तम सैनिक असतात. परतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करायच्या: दुखापत असेल तर ती खरी सांगून नोंदवायची, आणि नेमकं कुठे मागे पडलो ते तारखेसह लिहून ठेवायचं. ‘नशीब नव्हतं’ असं लिहायचं नाही. ‘३० च्या मार्चला उजवी टाच, पट्टी सुटली’ असं लिहायचं. मग पुन्हा संधी कधी मागता येईल हे सीओ साहेबांना सरळ विचार. दरम्यान बेळगावचा कमांडो कोर्स, मिझोराममधली व्हैरंगटेची जंगलयुद्धाची शाळा, गुलमर्गची उंचावरच्या युद्धाची शाळा यांसाठी नाव दे.

आणि इन्फन्ट्रीत असशील तर आपल्या पलटणीची घातक प्लाटून, म्हणजे हल्ल्यात पुढे जाणारी निवडक तुकडी, मागून घे. प्रत्येक इन्फन्ट्री पलटणीत सुमारे वीस जणांची अशी प्लाटून असते आणि तिला तरुण अधिकारी लागतो. १९९९ च्या जुलैमध्ये टायगर हिलच्या सुळक्यावर आधी चढून गेली ती १८ ग्रेनेडियर्सची घातक प्लाटूनच. तिच्या पुढे लेफ्टनंट बलवान सिंग होते, आणि त्यांच्या हाताखाली ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव. एकाला महावीर चक्र मिळालं, दुसऱ्याला परमवीर. ही जागा बहुतेक पलटणींत दर दीड-दोन वर्षांनी रिकामी होते, आणि ती मागणारा अधिकारी आधीपासून दोराचं काम, रात्रीची चाल आणि नकाशा यांत तयार असला तर सीओंना दुसरं नाव शोधावं लागत नाही.